खोळकाका ट्रॅक्टर थांबवतात

दारावरच्या घंटीच्या बटणालासुद्धा ज्याने कापडी टोपी शिवून घेतली, अशा माणसाच्या ताब्यात एक उघडाबोडका ट्रॅक्टर आला तर काय होईल, याचा विचार कुणीच आधी केला नव्हता. केला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण मग गल्लीचा तो आठवडा इतका मजेत गेलाही नसता.

गल्ली त्यांना खोळकाका म्हणायची. पाणीपुरवठा कचेरीत बिलांच्या टेबलावर सारी नोकरी करून ते निवृत्त झाले होते. स्वभावाने सरळ, बोलायला गोड. फक्त एकच खोड, वस्तू उघडी दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. फ्रिजच्या दांडीला मोजा. सोफ्याला खोळ, आणि त्या खोळीला धूळ लागू नये म्हणून वरून दुसरी. पाहुणे आले की वरची काढायची. खालची काढायची की नाही, ते पाहुणे कोण आहेत यावर ठरायचं. सोफ्याचा मूळ रंग कोणता हे फक्त काकूंना ठाऊक होतं, आणि तो विकणाऱ्या दुकानदाराला.

ट्रॅक्टर काकूंच्या वडिलांचा. ते गेले, शेत विकलं गेलं, आणि काकूंच्या थोरल्या भावाला दारात मोटारीसाठी जागा हवी होती म्हणून त्याने तो ट्रॅक्टर ट्रकवर चढवून बहिणीच्या परसात आणून उतरवला. "चार दिवस राहू दे," म्हणाला. त्या चार दिवसांत ट्रॅक्टरच्या सीटखाली मांजरीची कितीतरी पोरं लहानाची मोठी झाली.

आणि मग एका सोमवारी तो चहा पिता पिता म्हणाला, "रविवारी भंगारवाला येतोय. ट्रॅक्टर देऊन टाकू."

काकू कपबशा विसळत होत्या. नळ वाहत राहिला आणि हात थांबला. लहानपणी त्या ह्याच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून शाळेत जायच्या. पण हे त्या बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "चालत असता तर ठेवला असतास का रे दादा?"

"चालत असता तर प्रश्नच नव्हता. पण चालवणार कोण? भावजी?" असं म्हणून तो हसला.

तो मनमोकळा हसला असता तरी काकांनी सोडून दिलं असतं. पण पाहुणेपणाची चाड ठेवून त्याने ते हसू मध्येच गिळलं, आणि ते गिळलेलं हसू काकांना जास्त लागलं. त्यात त्यांना काकूंची पाठ दिसली. ती पाठ काही मागत नव्हती, आणि न मागणाऱ्या पाठीपुढे काकांचं कधी काही चाललं नाही.

"चालवीन की," काका म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर कळलं.

मेहुणा व्यवहारी. त्याने तिथल्या तिथे अटी घातल्या. "रविवारी भंगारवाल्यासमोर. ह्या फाटकातून बाहेर काढायचा, पिठाच्या गिरणीपर्यंत न्यायचा, वळवून परत आणायचा. आणि मी फाटकात हात वर केला की थांबवायचा. इंजिन चालू ठेवून. बंद करून काय, कुणीही थांबवेल. एवढं जमलं तर ट्रॅक्टर तुमचा, मी पुन्हा विषय काढणार नाही."

"जाणं सोपं असतं भावजी," जाताना चपला घालत तो म्हणाला, "थांबणं अवघड."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका कामाला लागले. दुसरा कुणी असता तर आधी इंजिन पाहिलं असतं. काकांनी आधी माप घेतलं. दुपारपर्यंत सीटला खोळ झाली, स्टिअरिंगला झाली, गिअरच्या दांड्याच्या गोट्याला लोकरीची टोपी झाली. चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजलेला, खडबडीत. त्यावर पाय ठेवायचे कसे? काकूंनी जुन्या चादरींच्या चिंध्या विणून केलेलं एक जाडजूड पायपुसणं होतं, ते काकांनी दुहेरी घडी घालून क्लचच्या पेडलखाली बरोब्बर बसवलं. मग लांब उभं राहून पाहिलं. ट्रॅक्टर आता ओळखीच्या घरातला वाटत होता.

मग बॅटरी आली, डिझेल आलं, आणि किल्ली फिरवल्यावर त्या म्हाताऱ्याने दोनदा खाकरून, एकदा मोठ्याने शिंकून, काळ्या धुराचा लोट सोडत असा काही आवाज काढला की मांजरीने आपला सगळा परिवार घेऊन कायमचं घर बदललं. काकू ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. काका सीटवर थरथरत होते. थोडे इंजिनामुळे, बरेचसे आनंदाने.

त्यांनी डाव्या पायाने क्लच दाबला, गिअर टाकला आणि ट्रॅक्टर म्हणाला, "खर्रर्रर्र."

पुन्हा दाबला, पुन्हा तेच. दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा आणि गिअर काही पडायचा नाही.

त्या आवाजाने गल्ली जमा झाली. पहिला आला शेजारचा कंपाउंडर. आयुष्यभर डॉक्टरांच्या हाताखाली पुड्या बांधल्यामुळे जगातल्या कुठल्याही बिघाडाला तो दुखणंच समजायचा. त्याने एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅक्टरच्या पोटाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"किती वर्षं पडून आहे?"

"बरीच."

"मग बरोबर. क्लचची प्लेट आत चिकटली. म्हाताऱ्या माणसाचा खांदा धरतो, तसं. पेडल दाबून ठेवा आणि इंजिन तापू द्या. शेक लागला की सुटेल."

काकांनी पेडल दाबून त्याच्या आणि सीटच्या मध्ये काठी अडकवली आणि इंजिन चालू ठेवलं. सगळे भोवती उभे राहिले. सगळं परस धुराने भरलं, डिझेल निम्म्यावर आलं, कंपाउंडर मधूनमधून पत्र्यावर हात ठेवून "येतोय, ताप येतोय" म्हणत राहिला. मग गिअर टाकला.

"खर्रर्रर्र."

"हे असं व्हायचंच," मागून आवाज आला. तो पलीकडच्या घरातला निवृत्त बस ड्रायव्हर होता. "आमच्या डेपोत अशा केसेस रोजच्या. चिकटलंबिकटलं काही नाही. पेडलपासून आत जाणारी दांडी सैल झालीय. पान्हा आणा."

तो ट्रॅक्टरखाली शिरला आणि त्याने दांडीचा नट आवळला. आता गिअर लोण्यासारखा पडला. काकांनी दोन्ही हात वर केले, काकूंनी टाळी वाजवली, आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही. क्लच आता सुटतच होता, धरत नव्हता. इंजिन ओरडत होतं, करपल्यासारखा वास येत होता आणि चाकं ढिम्म.

"एक वळसा सैल करतो."

एक वळसा सैल केला की गिअर पडेना. आवळला की चाक फिरेना. संध्याकाळपर्यंत ड्रायव्हर ट्रॅक्टरखालून नुसता आवाज देत राहिला आणि काका वरून नुसती मान हलवत राहिले. दोघांच्या मध्ये ते दुहेरी पायपुसणं गपगुमान पडून होतं. त्याच्याकडे कोण पाहतो? ते नीट बसलं होतं, स्वच्छ होतं. घरातल्या स्वच्छ वस्तूवर कुणी संशय घेत नाही.

बुधवारी दांडी होती तशी परत बसवून ड्रायव्हरने शेवटचा उपाय सांगितला. "गिअर आधी टाका, क्लच दाबून धरा आणि मग किल्ली फिरवा. धक्का बसला की चिकटलेली प्लेट सुटते."

"चिकटली आहे हे मी कालच सांगितलं होतं," कंपाउंडर म्हणाला.

"तुमचं चिकटणं वेगळं, माझं वेगळं."

काकांनी किल्ली फिरवली. धक्का बसला यात वाद नाही. ट्रॅक्टर बेडकासारखा उडाला, तुळशीएवढ्या उंचीची दोन कुंड्यांतली झाडं त्याने आडवी केली, आणि कंपाउंडरच्या बायकोने वाळत घातलेल्या चादरींच्या दोरीत घुसून, कुंपणाला नाक लावून बंद पडला. धुराड्यावर, दिव्यांवर, स्टिअरिंगवर, काकांवर, सगळीकडे फुलाफुलांच्या चादरी. ट्रॅक्टरला आयुष्यात पहिल्यांदाच न शिवता खोळ मिळाली.

चादरीखालून काकांनी विचारलं, "सुटली का?"

"चादरी आधी सोडा," कंपाउंडरची बायको कुंपणापलीकडून म्हणाली. "कालच धुतल्यात."

गुरुवारी ट्रॅक्टर ढकलून पुन्हा परसाच्या मधोमध आणला आणि मेस्त्री आला. ह्या मेस्त्रीचा दबदबा असा की तो आल्यावर मालक उभे राहायचे आणि तो खुर्चीत बसायचा. त्याने बसल्या बसल्याच ट्रॅक्टरकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "फोडायला लागेल."

काका मेस्त्री आणि ट्रॅक्टरच्या मध्ये येऊन उभे राहिले. "फोडायला म्हणजे?"

"म्हणजे मधोमध उघडायचा. पुढची चाकं इकडे, मागची तिकडे. मग प्लेट बदलायची. आधी नवीन प्लेट आणून ठेवा. प्लेट हातात असल्याशिवाय मी ट्रॅक्टर फोडत नाही."

काका स्कूटरची खोळ काढून, घडी करून, डिकीत ठेवून स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. काउंटरमागच्या माणसाने मॉडेल ऐकलं आणि काकांकडे सहानुभूतीने पाहिलं. "ह्या ट्रॅक्टरला तीन-चार जातींच्या प्लेटा बसतात. जुनी प्लेट नमुन्याला आणा, तशी देतो."

"जुनी आत आहे."

"मग काढा."

"मेस्त्री म्हणतो, नवीन हातात असल्याशिवाय काढणार नाही."

"बरोबर आहे त्याचं. आणि जुनी पाहिल्याशिवाय मी देणार नाही, हेही बरोबर आहे."

काकांनी आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांना अशीच उत्तरं दिली होती. बाहेरच्या बाजूने ती कशी लागतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. ते परत आले.

शनिवारी दुपारी मेस्त्री पुन्हा आला, एकदा पेडलवर उभा राहिला, दोनदा उडी मारली, तेलकट बुटांचे ठसे सगळीकडे उमटवले आणि जाहीर केलं, "उद्यापर्यंत काही होत नाही. भंगारात चांगला जाईल."

काकू पुढे झाल्या, बुटांच्या ठशांनी काळं झालेलं पायपुसणं पेडलखालून ओढून काढलं आणि धुवायला नळावर घेऊन गेल्या. बाकी काही हातात उरलं नसलं की त्या काहीतरी धुवायला घ्यायच्या.

काकांना ते पाहवेना. शेवटचं म्हणून ते सीटवर चढून बसले. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. सवयीने त्यांनी क्लचवर पाय दिला, आणि पाय गेला तो गेलाच. जिना संपला असं वाटावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसा. खाली पत्र्यावर 'टक्' असं वाजलं. गिअर पडला. आवाज नाही, खरखर नाही. पाय सोडला तसा ट्रॅक्टर हळूच, शहाण्या बैलासारखा, पुढे निघाला. पाय दाबला तर थांबला.

मग काय विचारता. ड्रायव्हरने कंपाउंडरला मिठी मारली, मग आपण कुणाला मिठी मारतोय हे लक्षात आल्यावर सोडली.

"दांडीचा शेवटचा अर्धा वळसा," तो म्हणाला. "तो मुरायला वेळ लागतो."

"शेक," कंपाउंडर म्हणाला. "जुन्या दुखण्याला गुण उशिरा येतो."

मेस्त्री टोपी घालत म्हणाला, "मी दोन उड्या मारल्या त्या काय उगाच?"

काकांनी सगळ्यांचे आभार मानले. त्यांना तिघांचंही पटलं होतं. इतका आनंद झाल्यावर माणसाला कशाचंही पटतं.

रविवारी सकाळी फाटकापाशी ही गर्दी. भंगारवाला आपला टेम्पो लावून त्याच्या टपावर बसला होता. मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. काकांनी ट्रॅक्टर फाटकापर्यंत आणला, झोकात थांबवला, न्यूट्रलमध्ये टाकून खाली उतरले आणि मेहुण्याला म्हणाले, "बघा, आवाज कसा आहे."

ते बोलत होते तेवढ्यात काकूंनी आपलं काम केलं. आज एवढा मोठा दिवस, नवरा चारचौघांत बसणार, आणि पायाखाली गंजका पत्रा? रात्रभर दोरीवर वाळलेलं पायपुसणं धुतल्याने छान फुगलं होतं. त्यांनी ते झटकलं, दुहेरी घडी घातली आणि होतं तिथे, पेडलखाली, हलक्या हाताने बसवलं.

काका चढले. क्लच दाबला, गिअर टाकला. जरासं गुरगुरल्यासारखं झालं खरं, पण लोक शिट्ट्या वाजवत होते. ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडला. पाय काढल्यावर तर ऐटीत चालू लागला. काका एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने सगळ्यांना नमस्कार करत गिरणीपर्यंत गेले. गिरणीवाला पिठाने पांढरा झालेला चेहरा घेऊन बाहेर आला. तिथल्या मोकळ्या जागेत काकांनी असा गोल वळसा घेतला की स्वतःच मनात वा म्हणाले. परत फिरले. फाटकात मेहुणा उभा होता. त्याने हात वर केला.

काकांनी क्लच दाबला.

ट्रॅक्टर चालत राहिला. थोडा मंदावला, पण चालत राहिला. मेहुणा हात वर ठेवूनच एक पाऊल मागे सरकला, मग दुसरं, मग बाजूला उडी मारली. काका त्याच्यासमोरून पुढे निघून गेले.

"थांबायचं होतं ना, भावजी?" तो मागून ओरडला.

"आणखी एक फेरी," काका मागे न बघता म्हणाले. "इंजिन जरा मोकळं होऊ दे."

गर्दीने आनंदाने टाळ्या वाजवल्या. काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. गिअर ओढून पाहिला, तो निघेना. ब्रेक लावला तर इंजिन गुदमरायला लागायचं. बंद पडलं की संपलं. भंगारवाला टपावरून उतरायलाच बसला होता. पुढची गल्ली वळून ट्रॅक्टर पुन्हा गिरणीकडे निघाला. गिरणीवाला पुन्हा बाहेर आला. ह्या वेळी त्याने नमस्कार केला, काकांना करता आला नाही.

ट्रॅक्टर वळून फाटकाकडे परत निघाला, इतक्यात शेजारी पावलांचा आवाज आला. काकू पदर खोचून ट्रॅक्टरच्या बाजूने झपझप चालत होत्या.

"अहो, दादा हात वर करून उभा होता."

"दिसला."

"मग?"

"थांबत नाहीये," काका ओठ न हलवता म्हणाले.

"क्लच दाबा."

"दाबलाय."

"नीट दाबा."

"अगं, याहून नीट कसा दाबू? उभा राहिलोय जवळजवळ त्याच्यावर."

काकूंनी चालता चालता त्यांच्या पायाकडे पाहिलं. चाकावरच्या पत्र्यावर बसून त्यांनी वडिलांचा तो डावा पाय वर्षानुवर्षं पाहिला होता. तो खाली जायचा, पत्र्याला टेकायचा, 'टक्' व्हायचं, आणि मगच ट्रॅक्टर थांबायचा. नवऱ्याचा पाय मात्र मध्येच, मऊमऊ गादीवर ठेवल्यासारखा थांबला होता.

काकूंचा चेहरा बदलला. "पाय उचला."

"उचलला तर पळेल हा."

"उचला म्हणते ना."

फाटक समोर येत होतं. मेहुणा पुन्हा मधोमध उभा होता, हात पुन्हा वर, पण ह्या वेळी त्याच्या पायांनी बाजूला पळायची तयारी ठेवली होती. बिलांच्या टेबलावर इतकी वर्षं एकही आकडा दोनदा तपासल्याशिवाय पुढे न पाठवलेल्या त्या माणसाने डोळे मिटले आणि काही न विचारता पाय उचलला. ट्रॅक्टरने उसळी घेतली. काकूंनी धावत हात घातला आणि एका हिसक्यात पायपुसणं बाहेर खेचलं. काकांनी असेल नसेल तेवढं बळ लावून पाय दाबला.

टक्.

ट्रॅक्टर थांबला. इंजिन चालू, चाकं जागच्या जागी, आणि पुढच्या जाळीपासून मेहुण्याच्या इस्त्रीच्या शर्टापर्यंत इतकंच अंतर की त्याला श्वास पोट आत ओढूनच घ्यावा लागला.

थोड्या वेळाने त्याने हात खाली घेतला. "थांबला," तो म्हणाला.

"दांडी," गर्दीतून ड्रायव्हर म्हणाला.

"शेक," कंपाउंडर म्हणाला.

भंगारवाला टेम्पोच्या टपावरून उतरला, पण ट्रॅक्टरकडे न येता आपल्या सीटवर जाऊन बसला.

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. "काय काढलंस गं आतून?"

काकूंनी पायपुसण्याची गुंडाळी काखेत मारली. "मळलं होतं."

"आत्ता? पळता पळता?"

"तुला आठवत नाही का रे, मला मळलेलं बघवत नाही ते."

काका समोर बघत बसले. सबंध आठवडा त्यांच्या डोळ्यांसमोरून चालत गेला: तो धूर, ते वळसे, त्या चादरी, ते फोडणं. आणि सगळ्याच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या हाताने, माप घेऊन, नीट बसवलेली ती दुहेरी घडी. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं. बायको हसत नव्हती. गिळलेलं हसूही नव्हतं. ते बघून त्यांच्या जिवात जीव आला.

त्यांनी हात पुढे केला. काकूंनी तो धरला, पायरीवर पाय दिला आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यावर जाऊन बसल्या. कशाला धरायचं हे त्यांच्या हाताला अजून पाठ होतं. मेहुणा घुटमळला, शर्ट सारखा केला. "पलीकडच्या बाजूला मी बसायचो," तो कुणाला न उद्देशून म्हणाला, आणि चढला.

ट्रॅक्टर पुन्हा गिरणीच्या दिशेने निघाला. आता गिरणीवाला दारातच स्टूल टाकून बसला होता.

इंजिनाच्या आवाजात काकू नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "घरी गेल्यावर रिमोटची पिशवी काढायची का?"

काकांनी गिरणीचं वळण येईपर्यंत विचार केला. क्लच दाबला, तळापर्यंत, 'टक्' ऐकू आलं, ट्रॅक्टर थांबला. पाय सोडला, निघाला.

"एकदम नको," ते म्हणाले. "आधी फ्रिजचा मोजा काढून बघू."